रानातले तण कोण ठरवणार? कोल्हापूर जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व खासदार, आमदार आणि जिल्हा परिषद सदस्य यांस,

विषय: जंगलात आणि धरणांच्या पाणलोटात होणारी तणनाशक फवारणी थांबवण्याबाबत.

सविनय नमस्कार.

भोगावतीच्या काठी माझी अडीच एकर जमीन आहे आणि त्यातली पावणेदोन एकर उसाखाली आहे. पत्राचा विषय तणनाशकाचा असल्यामुळे एक गोष्ट आधीच कबूल करतो, की माझ्या उसात मीही तणनाशक मारतो. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर दोन आठवडे आधी सांगून ठेवावे लागते, आणि लागणीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तण हाताबाहेर गेले तर उसाचा फुटवा मार खातो, हे या जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. तेव्हा औषधाचे नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जे शेतात चालते ते रानात चालवू नये, आणि चालवायचे की नाही हा निर्णय रोपवनाच्या अंदाजपत्रकातल्या एखाद्या ओळीत गुपचूप होऊन जाऊ नये. तो आपण, म्हणजे आम्ही निवडून दिलेल्या माणसांनी, उघडपणे आणि आपापल्या नावानिशी घ्यावा.

हा विषय डोक्यात का बसला तेही सांगतो. यंदा मृग बऱ्यापैकी बरसला आणि मग चार-पाच दिवस उघडीप पडली. त्या उघडिपीत आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून असलेल्या एका रोपवनात तीन तरुण पाठीवर पंप घेऊन फिरताना दिसले. रोपांच्या ओळींमध्ये रानमोडी गुडघ्याच्या वर आली होती आणि ती मारण्याचे काम त्यांना दिलेले होते. एकाने तोंडाला रुमाल बांधला होता, दुसऱ्याच्या पायात स्लिपर होती, आणि पंपाच्या झाकणातून गळणारे पाणी तिसऱ्याच्या पाठीवरून कमरेपर्यंत उतरले होते. कोणते औषध मारता असे विचारल्यावर ‘तणाचं’ एवढेच उत्तर आले. पंप भरायला पाणी ते शेजारच्या ओढ्यातून घेत होते आणि रिकामा झालेला डबा त्याच ओढ्यात विसळत होते. त्यांपैकी एक डबा नंतर दगडांच्या सापटीत अडकलेला मला सापडला; त्यावरचे अर्धे लेबल निघून गेले होते, पण ‘ग्लायफोसेट ४१ टक्के’ ही अक्षरे वाचता येत होती.

दोनच दिवसांत पाऊस परत लागला. आठवडाभराने रानमोडी पिवळी पडू लागली आणि नंतर पूर्ण करपली, परंतु ओळींच्या बाहेर, ओढ्याच्या उतारावर असलेली भारंगीही तिच्याबरोबर करपली. माझी चुलती गेली चाळीस वर्षे आषाढात त्याच उतारावरून भारंगीचा कोवळा पाला आणते. यंदा तिने आणलेली भाजी घरात आल्यावर मी तिला फवारणीचे सांगितले, तेव्हा तिने ओच्यातला सगळा पाला उंबऱ्याबाहेर ओतला, एक पान चुरगळून त्याचा वास घेतला, आणि काही न बोलता सगळे गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकून आली. त्या पाल्याला औषध लागले होते की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता, मलाही नव्हता.

ते रोपवन कोणाचे, ठेका कोणाचा आणि चौकशीला गेल्यावर ‘हा तांत्रिक विषय आहे, ग्रामपंचायतीचा नाही’ असे उत्तर मला कोणत्या टेबलावरून मिळाले, हे मी येथे लिहीत नाही. एका माणसाला किंवा एका कार्यालयाला धारेवर धरून हा प्रश्न मिटणारा नाही. शिवाय त्या उत्तरात खोटे काही नव्हते, कारण आजच्या घडीला तो खरोखरच तांत्रिक विषय मानला जातो. माझी तक्रार नेमकी त्या मानण्याबद्दल आहे.

शेतात तण कोणते हे शेताचा मालक ठरवतो. उसात उगवलेली मक्याची काटकीसुद्धा तणच असते आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. रानात मात्र हे ठरवायचे कोणी? रानमोडी आणि घाणेरी ही उपरी झुडपे आहेत याबद्दल दुमत नाही. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली आणि आज देशातल्या वाघांच्या जंगलांचा फार मोठा भाग तिने व्यापला आहे. पण ग्लायफोसेटला उपरे आणि घरचे यांतला फरक कळत नाही. ते हिरव्या पानातून आत शिरून मुळापर्यंत उतरते आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार होण्याची वाटच अडवते. ही वाट जवळपास सगळ्या वनस्पतींमध्ये एकच आहे. त्यामुळे रानमोडीच्या बुडाशी असलेले गवत, कारवीची रोपे, शिकेकाईचा वेल, हिरड्याचे बोटभर उंचीचे रोप, सगळे त्या एकाच फवाऱ्याखाली येते. ज्या गवतासाठी गवा रानात थांबतो ते गवतही जाते, आणि मग गवा उसात उतरला की पंचनाम्यासाठी आम्ही आपल्याच दाराशी येतो.

औषध वाऱ्याने कसे वाहते हे आमच्याकडे कोणाला प्रयोगशाळेतून शिकावे लागत नाही. शेजाऱ्याने उसात टू-फोर-डी मारले आणि वारा आपल्या बाजूचा असला, की वांग्या-मिरचीची पाने आवळतात, शेंडे वळतात, आणि बांधावरची ती भांडणे तंटामुक्त समितीपर्यंत जातात. तेथे निदान भांडायला एक धनी असतो. रानातली भारंगी वळली तर तिच्या वतीने बांधावर उभे राहणारे कोणी नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण या जिल्ह्यात खरा प्रश्न तोच आहे. तणनाशक विकणारे सांगतात की ग्लायफोसेट मातीला घट्ट धरून राहते, त्यामुळे ते झिरपत नाही. हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि आमच्यासारख्या लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असलेल्या जांभ्याच्या तांबड्या मातीला तर ते अधिकच घट्ट धरते. पण गगनबावडा आणि दाजीपूरच्या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि असा पाऊस उतारावर कोसळू लागला की पाणी झिरपण्याच्या आधी मातीच उठून चालू लागते. जूनअखेर भोगावतीचे पाणी लालभडक होते ते कशाने होते हे कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. औषध मातीला चिकटून राहते हा ज्याचा बचाव आहे, त्याने ती माती कोठे जाते एवढे सांगावे. वरचे गवत आणि झुडूप मारून उघडी केलेली माती तर आणखी लवकर सुटते.

त्याच दिवसांत ओढ्यांत काय चाललेले असते तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या पावसात मासे उलटे चढतात, डबक्याडबक्यांत बेडकांची अंडी तरंगतात, आणि पंधरवड्यात तेथे काळी, शेपटीवाली पिल्ले वळवळू लागतात. तणनाशक पानावर पसरून चिकटावे म्हणून त्यात जो स्टिकर मिसळतात, त्याचा एक जुना आणि सर्रास वापरला गेलेला प्रकार बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षाही अधिक घातक असल्याचे अमेरिकेतल्या प्रयोगांत वीस वर्षांपूर्वीच दिसून आले आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डब्यात कोणता स्टिकर आहे हे लेबलावर वाचून ग्राहकाला कळत नाही. पश्चिम घाटातले अनेक बेडूक जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत, आणि त्यांच्या विणीचा हंगाम व तणनाशक मारायचा हंगाम एकच आहे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते आणि या चारही नद्या सह्याद्रीच्या रानातून येतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहरात नदीची पातळी किती चढणार याचे अंदाज सुरू होतात. म्हणजे त्या रानातल्या पाण्याशी आपले नाते किती जवळचे आहे हे दर पावसाळ्यात सगळ्यांना आठवते, आणि नवरात्र आले की विसरते. खाली पंचगंगेचे काय केले ते आपण जाणतोच. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाण्याने माणसे दगावली. कोल्हापूर शहराने अनेक वर्षे झगडून काळम्मावाडी धरणापासून थेट पाइपलाइन आणली, ती वरचे पाणी स्वच्छ आहे याच भरवशावर. खालचे पाणी बिघडले म्हणून आपण वर गेलो. वरचे बिघडले तर जायला जागा उरत नाही.

आरोग्याच्या बाबतीत मी जपून लिहितो, कारण घाबरवून सोडणे हा माझा हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने नेमके उलटे मत दिले आणि २०२३ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या वापराला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. म्हणजे हा वाद मिटलेला नाही आणि तो राधानगरीत बसून मिटवता येणार नाही. मात्र शेतातले औषध मी माझ्या जबाबदारीवर मारतो, किती मारले ते मला ठाऊक असते आणि त्या बांधावरची भाजी त्या महिन्यात मी घरी नेत नाही. रानातल्या फवाऱ्याबाबत माझ्या चुलतीला यांतले काहीच ठाऊक नव्हते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फवारणी झालेल्या जंगलातल्या काही झाडझुडपांच्या कोंबांत आणि फळांत वर्ष उलटल्यावरही ग्लायफोसेटचे अवशेष मिळाले आहेत. तिकडे थंडीमुळे ते हळू विघटित होते आणि आपल्याकडे कदाचित लवकर होत असेल. पण आपल्या रानातल्या करवंदात आणि भारंगीत ते कोणी तपासले आहे काय, एवढे तरी आपण विचारावे.

कायद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘असा काही नियम नाही’ हे उत्तर आपल्याला नक्की दिले जाईल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३२ नुसार अभयारण्यात वन्यजीवांना इजा पोहोचवतील किंवा धोक्यात आणतील अशी रसायने वापरण्यास मनाई आहे, आणि याच कायद्याच्या व्याख्येत ‘वन्यजीव’ या शब्दात प्राण्यांबरोबर अधिवासाचा भाग असलेल्या वनस्पतीही येतात. राधानगरी हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य, १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी घोषित झालेले. तेथे हे कलम लागू आहे, तसेच चांदोली राष्ट्रीय उद्यानातही. एवढेच नव्हे, तर कलम ३६-अ नुसार ते संवर्धन राखीव क्षेत्रांनाही लागू होते, म्हणजे विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या आपल्या जिल्ह्यातल्या राखीव क्षेत्रांनाही. आपल्यापैकी काहींनी या राखीव क्षेत्रांच्या घोषणेच्या वेळी स्वागताचे फलक लावले होते. त्या घोषणेबरोबर हे कलमही आले आहे याची त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

या हद्दींच्या बाहेर मात्र मोठे रान उरते. प्रादेशिक वनविभागाची राखीव वने, रोपवने, खासगी वने, वीजवाहिन्यांखालचे पट्टे, रस्त्यांच्या कडा आणि जाळरेषा यांना कलम ३२ पोहोचत नाही. तेथे कीटकनाशक अधिनियम, १९६८ हाच आधार उरतो आणि तो शेतीचा विचार करून केलेला कायदा आहे. ग्लायफोसेटला आपल्या देशात मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि ‘पीक नसलेल्या जागां’साठी. जंगल हे पीक नव्हे, तेव्हा ते ‘पीक नसलेल्या जागे’त मोडते असा अर्थ कोणी लावला तर त्याला अडवणारा शब्द त्या मान्यतेत नाही. देवराई आणि रेल्वेचा रूळ यांना एकाच रकान्यात बसवणारी ही भाषा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलच्या परवानाधारकांमार्फत व्हावा असे म्हटले. आमच्या रोपवनातल्या त्या तीन पोरांकडे असा परवाना असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

यावर आपल्याकडून येणारे नेहमीचे उत्तर मला माहीत आहे: बंदीचा अधिकार केंद्राकडे आहे, राज्य काय करणार? विक्रीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण १९६८ च्या कायद्यात राज्याला एखादे औषध साठ दिवस आणि फार तर आणखी तीस दिवस रोखता येते. पण मी विक्रीबद्दल बोलतच नाही. सरकारी जंगलाचा धनी राज्य सरकार आहे, आणि धन्याने आपल्या रानात काय मारायचे नाही हे ठरवायला दिल्लीची परवानगी लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे.

कॅनडातल्या क्विबेक प्रांताने हेच केले. तेथे कागद आणि इमारती लाकडासाठी स्प्रूससारखी सूचिपर्णी झाडे वाढवतात आणि त्यांच्यावर सावली धरणारी रुंद पानांची झाडे मारण्यासाठी फवारणी होत असे. लोकांच्या जाहीर सुनावण्या झाल्या, १९९४ मध्ये धोरण ठरले आणि २००१ पासून सरकारी जंगलात रासायनिक तणनाशके बंद झाली. त्याऐवजी तोडणीनंतर लवकर आणि मोठी रोपे लावायची व नको असलेली झुडपे यंत्राने किंवा हाताने छाटायची अशी पद्धत त्यांनी धरली. तेथील लाकूड उद्योग त्याने बुडाला नाही. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मात्र हेलिकॉप्टरने फवारणी चालू राहिली. हजारो लोकांनी सह्यांचे अर्ज विधिमंडळात दिले, निवडणुकांत हा प्रश्न गाजला, आणि ग्लायफोसेटचा अभ्यास हाती घेतलेल्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांना २०१५ मध्ये पदावरून दूर केल्यावर तर सरकारवर आणखीच संशय घेतला गेला. त्या कारवाईचा फवारणीशी संबंध नाही असे सरकारने सांगितले, पण लोकांनी ते सहजी मानले नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या लिंकन काउंटीत २०१७ साली मतदारांनी थोड्या मतांच्या फरकाने हवाई फवारणीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, कारण राज्याच्या कायद्यापुढे स्थानिक बंदी टिकली नाही.

हे शेवटचे उदाहरण मुद्दाम दिले. आम्ही ग्रामसभेत ठराव करू शकतो आणि करणारही आहोत. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला आपले वन, त्यातील जैवविविधता आणि पाणलोट राखण्याचा अधिकारही दिला आहे. परंतु वरच्या पातळीवर धोरण नसेल तर गावाचा ठराव फाइलीला टाचून ठेवला जातो. म्हणून हे पत्र सरपंचांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

परदेशच कशाला, केरळातले कासारगोड घ्या. तेथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान मारले गेले. ते कीटकनाशक होते, तणनाशक नव्हे, आणि ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी विषारी होते. त्यामुळे दोन्हींना एका मापाने मी मोजत नाही. पण टेकडीवर मारलेले औषध खालच्या विहिरींत आणि घरांत कसे आले, तक्रारी करणाऱ्यांना किती वर्षे अडाणी ठरवले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातल्यावर व २०१७ मध्ये प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये देण्यास सांगितल्यावरही लोकांना कसे झगडावे लागले, एवढे तरी पाहावे. आपल्याच राज्यात यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस सुरक्षित राहील अशी व्यवस्था आपण भरल्या शेतात करू शकलो नाही, ती निर्जन रानात होईल असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग रानमोडीचे काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. रानमोडीची मुळे फार खोल नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असताना ती उपटून येते. हिवाळ्यात तिला फुले धरून बी वाऱ्यावर उडण्याच्या आत हे काम उरकले पाहिजे. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी विकसित केलेली पद्धत देशातल्या काही व्याघ्र प्रकल्पांत वापरली गेली आहे: झुडूप वरून न छाटता मातीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि अख्खे झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. पुढची दोन-तीन वर्षे पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपे वेचावी लागतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत घरचे गवत पेरावे लागते. हे काम चिकाटीचे आहे. फवारणीनेही घाणेरी एका वर्षात संपत नाही, फक्त तसे बिल एका वर्षात निघते.

हाताने काढायला खर्च जास्त येतो हे मी नाकारणार नाही. उसाच्या सरीत उभा राहून हा हिशेब मी दरवर्षी करतो. पण माझ्या शेतात जी मजुरी खर्च म्हणून धरली जाते, तीच रानात मिळकत होऊ शकते. रोजगाराची हमी ही कल्पना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून देशाला दिली. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या धनगरवाड्यांवरची आणि वाड्यावस्त्यांवरची माणसे भाताची रोपलावण संपल्यावर कामासाठी खाली उतरतात. नेमके तेव्हाच रानमोडी उपटायचे दिवस असतात. कोणती वनस्पती ठेवायची आणि कोणती काढायची हे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना वनस्पतीच्या नावानिशी माहीत आहे, जे पंपाच्या नोझलला कधी कळणार नाही. भुदरगडातले पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून आपण मिरवतो. जांभूळ आणि हिरड्याचा मोहर, रानातले बारीकसारीक फुलोरे यांवर तो मध उभा आहे, आणि त्याच्या शेजारच्या रानात फुलावर आलेल्या झुडपांवर तणनाशक मारले गेले तर बाटलीवर कोणते नाव लिहायचे?

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाबाबत जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात पाच वर्षांत आणि इतर दोन पट्ट्यांत आठ व दहा वर्षांत रासायनिक कीटकनाशके व तणनाशके टप्प्याटप्प्याने बंद करावीत असे सुचवले होते. त्या अहवालाला जिल्ह्यातून जो विरोध झाला त्यात आमच्या गावचेही लोक होते. घर बांधायला, विहीर काढायला परवानगी लागेल अशी भीती होती, आणि ती अगदीच निराधार होती असे मी आजही म्हणणार नाही. पण विरोधाच्या त्या धामधुमीत तणनाशकाचे ते वाक्य कोणी वाचलेच नाही, आपण नाही आणि आम्हीही नाही. शेतातली बंदी आजही अवघड वाटत असेल तर ती बाजूला ठेवा. शेतकऱ्याच्या एका गुंठ्यालाही धक्का न लावता, निदान सरकारच्या रानापुरते ते वाक्य अमलात आणता येते.

आमदारांना माझी विनंती आहे की येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारून गेल्या पाच वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातील वनजमिनीवर किती तणनाशक खरेदी झाले, कोठे आणि कोणत्या महिन्यात मारले गेले, हे सभागृहाच्या पटलावर आणावे; आणि सरकारी वनजमिनीवर व पिण्याच्या पाण्याच्या धरणांच्या पाणलोटात रासायनिक तणनियंत्रण करू नये असा शासन निर्णय काढण्याची मागणी आपापल्या पक्षाच्या वतीने लेखी करावी. खासदारांनी ‘पीक नसलेली जागा’ या शब्दांतून जंगल वगळण्याचा प्रश्न केंद्राकडे न्यावा. जिल्हा परिषद सदस्यांनी ठराव करावा, आणि जिल्हा नियोजन समितीत बसणाऱ्यांनी रानमोडी व घाणेरी हाताने काढण्यासाठी वेगळी तरतूद मागावी. यात पक्षाचा प्रश्न नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी शेतकरी रस्त्यावर आल्यावर एकमेकांचे तोंड न पाहणारे नेते याच जिल्ह्यात एका बाजूला आलेले आम्ही पाहिले आहेत. या वेळी आम्ही रस्त्यावर येण्याची वाट पाहू नये, इतकेच.

आणि आपल्यापैकी कोणाला जंगलात तणनाशक मारणे योग्य वाटत असेल तर त्यांनी तसेही लिहून कळवावे. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. मत माहीत असले की मतदान करताना सोपे जाते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा असा अर्ज मी आमच्या ग्रामपंचायतीत दिला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. तोपर्यंत आपल्यापैकी ज्यांचे उत्तर येईल ते तेथे जसेच्या तसे वाचून दाखवले जाईल. ज्यांचे येणार नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ एवढे दोन शब्द वाचले जातील.

कळावे.

आपला,
भोगावतीकाठचा एक ऊस उत्पादक,
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर